मूळ स्वरूपात

माझ्या वडिलांची मोटारसायकल मी पाहिली तेव्हापासून मूळ स्वरूपात नव्हती. टाकी हिरवी होती, ब्रशने रंगवलेली. जवळ जाऊन पाहिलं की रंगात अडकलेले ब्रशचे केस दिसत. सायलेन्सर बुलेटचा, मागचा दिवा कुठल्याशा स्कूटरचा, आणि सीट करोलबागेतल्या गाद्या शिवणाऱ्याकडून शिवून घेतलेली. आम्हा भावंडांना हे कधी खटकलं नाही, कारण दुसरं काही पाहिलेलंच नव्हतं. ती १९५१ सालची ट्रायम्फ स्पीड ट्विन आहे, तिचा जन्मरंग लाल होता आणि तिला एक नव्हे दोन सायलेन्सर होते, हे मला पन्नाशी उलटल्यावर समजलं. घरात तिचं नाव फक्त ‘गाडी’.

अण्णा १९५८ साली कोल्हापूरहून दिल्लीला आले. सरकारी बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन. करोलबागेत दोन खोल्या भाड्याने मिळाल्या, शेजारी मराठी बिऱ्हाडं होती, गणपतीला नाटकं व्हायची. ऑफिसला जायला वाहन हवं होतं, पण त्या काळात स्कूटर नोंदवली की नंबर लागायला वर्षं जात. १९६६ साली चाणक्यपुरीतल्या एका वकिलातीतला कर्मचारी मायदेशी परत निघाला आणि ही गाडी त्याने काढून टाकली. अण्णांनी सोसायटीचं कर्ज काढलं. कोल्हापूरला आजोबांना पत्रात लिहिलं, ‘एक जुनी सायकल घेतली आहे.’ मोटर हा शब्द गाळला. आजोबांना खरं कळलं ते दोन वर्षांनी, ते स्वतः दिल्लीला आले तेव्हा. स्टेशनवरून त्यांना मागे बसवूनच आणलं होतं, त्यामुळे बोलायला जागा उरली नाही.

या गाडीच्या टाकीवर क्रोमची एक बसकी जाळी असते, सामान बांधायला. १९४९ पासून ट्रायम्फने ती द्यायला सुरुवात केली. अपघात झाला तर चालवणाऱ्याच्या नको त्या जागी लागेल म्हणून पुढे तिच्यावर बरीच टीका झाली, पण आमच्या घराला तिच्याइतकी उपयोगाची गोष्ट दुसरी नव्हती. तिच्यावर अण्णांचा डबा जायचा, नकाशांची गुंडाळी जायची, येताना मेथीची जुडी आणि मुळे यायचे. गणपती मात्र जाळीवर नाही. तो मागे, एका अंगाने बसलेल्या आईच्या मांडीवर यायचा, आणि त्या दिवशी अण्णा पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या पुढे जात नसत.

थोडं गाडीविषयी सांगायला हवं. एडवर्ड टर्नर नावाच्या इंग्रज आराखडाकाराने १९३७ साली हे पाचशे सीसीचं इंजिन बाजारात आणलं. दोन सिलिंडरची इंजिनं त्याआधीही होती, पण टर्नरचं इंजिन इतकं आटोपशीर होतं की लांबून ते एका सिलिंडरचंच वाटे, आणि वजनालाही हलकं. गाडी सगळी मिळून सुमारे १६५ किलो. आजची बुलेट तिच्याहून बरीच जड आहे. लंडनच्या पोलिसांनी ती घेतली. युद्धानंतर बीएसए, नॉर्टन, एजेएस, मॅचलेस, रॉयल एनफिल्ड, सगळ्यांनी आपापली जुळी इंजिनं काढली, आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं इंग्रजी मोटारसायकल म्हटली की हीच ठेवण डोळ्यांपुढे येई.

अण्णा मला हे इंजिन दोन मुठींनी समजावत. दोन्ही मुठी एकत्र वर, एकत्र खाली. ‘दोघं भाऊ जोडीनं चढतात, जोडीनं उतरतात. पण एका वेळी एकच काम करतो. यानं स्फोट घेतला की दुसरा नुसता हवा ओढतो. मग त्याची पाळी.’ दोन्ही पिस्टन एकदमच वरखाली होत असल्यामुळे थरथर एका सिलिंडरच्या गाडीसारखीच राहते, हे त्यांनी सांगितलं नव्हतं. ते मला नंतर माझ्या तळहातांनी सांगितलं.

आता त्यांनी केलेले फेरफार. हिरवा रंग १९७१ च्या युद्धाच्या सुमाराचा. ब्लॅकआउटच्या दिवसांत गाड्यांच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा करायचा असे. अण्णांनी तो केला, आणि ब्रश हातात आहेच तर सोलवटलेल्या टाकीवरही हात फिरवला. हिरवाच का? डबा तेवढाच उरला होता. युद्ध तेरा-चौदा दिवसांत संपलं, पण पुढच्या दिव्याच्या काचेवरची काळी कड कोणी नीट खरवडलीच नाही. काचेच्या वरच्या गोलाईला नखाएवढी काळी रेघ कायम राहिली. मला लहानपणी वाटे की तो काजळाचा टिळा आहे, दृष्ट लागू नये म्हणून.

सुटे भाग मिळत नसत. पन्नाशीच्या दशकाच्या मध्यानंतर आयात जवळजवळ बंद झाली होती आणि दिल्लीत बुलेटचा माल मिळे, जावाचा मिळे, राजदूत तर इथे फरिदाबादलाच बनत असे. ट्रायम्फचा माल मिळायचा तो जामा मशिदीमागच्या भंगारात, नशिबाने. मग अण्णा मे महिन्याची वाट पाहत. सुट्टीला कोल्हापूरला जाताना ट्रंकेत माझ्या फ्रॉकांच्या खाली फडक्यात गुंडाळलेले झिजलेले बुश, व्हॉल्व्हचे गाइड, एकदा तर आख्खा पिस्टन. कोल्हापुरात उद्यमनगर आहे. ऑइल इंजिनांवर पोसलेली ती वस्ती, ओतकाम आणि लेथ यांत तिचा हात कोणी धरत नाही. तिथे अण्णांचा शाळेतला एक मित्र होता. तो झिजलेला भाग अंगठ्यावर फिरवून पाहायचा, गनमेटलचा तुकडा शोधायचा आणि चहा येईपर्यंत नवा कातून द्यायचा. पैसे घेत नसे. अण्णा त्याला चांदणी चौकातला सोहन हलवा नेत.

माझ्यासाठी केलेला फेरफार १९७४ चा. मी सहा वर्षांची होते, मागे बसले की माझे पाय फूटरेस्टला पोचत नसत, लोंबकळत, आणि एकदा टाच आऱ्यांच्या इतक्या जवळ गेली की सँडलचा पट्टा तुटून चाकात गेला. अण्णांनी दुसऱ्याच दिवशी मागच्या सांगाड्याला दोन्ही बाजूंनी, मूळ फूटरेस्टच्या वीतभर वर, लोखंडी सळीचे दोन तुकडे वेल्डिंग करून घेतले. त्यांवर सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलं, वरून तार आवळली. हे माझे फूटरेस्ट. धाकटा भाऊ मोठा झाला तेव्हा ते त्याचे झाले, पण बोलताना ‘ताईचे फूटरेस्ट’ असंच म्हटलं जाई. पुढे पाय लांब झाले. ते दोन खुंट तसेच राहिले आणि तीस वर्षं आईच्या साडीत अडकत राहिले.

हिवाळ्यात अण्णा आम्हाला बाराखंबा रोडला स्टेट्समनची जुन्या मोटारींची रॅली पाहायला नेत. ती १९६४ पासून भरते. रोल्स, ऑस्टिन, चकाकणारं पितळ, टोप्या घातलेले मालक. अण्णा कौतुकाने पाहत, पण परतताना न चुकता म्हणत, ‘छान आहेत. पण या कामावर जात नाहीत.’

अण्णा २०११ साली गेले. गाडी त्यापूर्वीच चारपाच वर्षं जिन्याखाली उभी होती, जुन्या चादरीखाली. मी नोएडाला, भाऊ पुण्याला, आई करोलबागेतच. मग नोव्हेंबर २०१४ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाचा आदेश आला की पंधरा वर्षांवरची वाहनं दिल्लीच्या रस्त्यावर नकोत, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. या शहराची हवा ज्यांनी नोव्हेंबरात छातीत भरून घेतली आहे त्यांनी त्या आदेशाविरुद्ध बोलू नये. मी बोलत नाही. आईला दम्याचा त्रास आहे. पण जिन्याखालची गाडी त्यामुळे भंगार ठरली. भंगारवाला दोनदा येऊन गेला. दुसऱ्या वेळी त्याने चादर उचलून पाहिलं आणि भाव एकदम दसपट सांगितला, तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली की हे काहीतरी वेगळं आहे.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी वेगळे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी वा चारचाकी, मूळ स्वरूपात राखलेली, सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली, अशी असेल तर तिची ‘विंटेज’ म्हणून नोंद होते. फी वीस हजार, नोंद दहा वर्षांची, जुना नंबर असेल तर तो ठेवता येतो. मात्र रोज वापरायची नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं आणि देखभाल, एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. म्हणजे कामावर जायचं नाही. मी तो नियम वाचला तेव्हा अण्णांचं रॅलीवरचं वाक्य आठवलं आणि हसू आलं. पण अर्ज करायचं ठरवलं, कारण दुसरा पर्याय भंगाराचा होता.

मिस्त्री करोलबागेतच सापडले. नाईवालाच्या गल्ल्यांत दुचाकींचा सगळा संसार मांडलेला असतो: हँडल, साखळ्या, सायलेन्सर, स्टिकर. त्यातल्या एका गल्लीच्या टोकाला, वरच्या मजल्यावर, सत्तरीचे एक गृहस्थ फक्त जुन्या इंग्रजी गाड्या करतात. त्यांचं नाव इथे देत नाही, त्यांना गर्दी नको आहे. मी त्यांना अण्णांच्या पान्यांची गुंडाळी दाखवली, किरमिजी कॅनव्हासची. त्यांनी एक एक पाना काढून उजेडात धरला. इंग्रजी गाड्यांचे जुने पाने आज कोणाकडे नसतात. त्यांच्यावरचा आकडा नटाच्या रुंदीचा नसतो, बोल्टच्या जाडीचा असतो, त्यामुळे मिलिमीटरचा पाना जवळपास बसतो पण बसत नाही, आणि जोर लावला की नटाचे कोपरे गोल होतात. वर एकाच गाडीत तीन-चार तऱ्हेचे आटे. मिस्त्री अजून सुतात बोलतात. इंचाचे आठ सूत. ‘मॅडमजी, ये तीन सूत का है,’ असं म्हणून ते हात पुढे करतात आणि पोऱ्या बरोबर तोच पाना देतो. अण्णाही सुतातच बोलत. दशमान पद्धत देशात येऊन साठ वर्षं झाली, पण काही नटांपर्यंत ती पोचलेली नाही.

गाडी खोलायला चार दिवस लागले आणि जोडायला पावणेतीन वर्षं. पैसे किती लागले ते भावाला माहीत आहे, आईला नाही. मॅग्नेटोची गुंडाळी नव्याने भरून आणली. या गाडीला ठिणगीसाठी बॅटरी लागत नाही, मॅग्नेटो स्वतःच वीज तयार करतो. अण्णांनी दोन वर्षं बॅटरीशिवायच गाडी चालवली होती, दिवस मावळायच्या आत घरी येऊन. कार्ब्युरेटर अमलचा, तो इंग्लंडमध्ये अजून नवा बनतो, टपालाने आला. रॉकरवरची गोल झाकणं थरथरीने सैल होऊन रस्त्यात पडतात, हा या इंजिनाचा जगभर माहीत असलेला दोष. अण्णांनी ती तांब्याच्या तारेने बांधून ठेवली होती. मिस्त्रींनी तार सोडवली आणि माझ्या हातात दिली, जशी डॉक्टर काढलेली टाके-दोरी दाखवतात.

एक दिवस त्यांनी फोन करून बोलावलं. गिअरबॉक्सचे आणि पुढच्या फोर्कचे बुश काढून वर्तमानपत्रावर मांडले होते. पिवळसर, जड. ‘ये कहाँ का माल है? ट्रायम्फ का नहीं है.’ मी म्हटलं, कोल्हापूरचं. त्यांनी कोल्हापूर ऐकलं होतं ते चपलांसाठी. मापपट्टी लावून पाहिलं, डोळे बारीक केले. ‘ओरिजिनल से अच्छा है. मैं तो ये नहीं निकालूँगा.’ आणि ते परत आत गेले. तसे ते आजही आत आहेत, बाहेरून कोणाला दिसत नाहीत.

रंगाचा घोळ महिनाभर चालला. स्पीड ट्विनच्या रंगाला इंग्रजीत ॲमरँथचा लाल म्हणतात. ॲमरँथ म्हणजे आपला राजगिरा. दिल्लीतल्या रंगवाल्याला राजगिरा म्हटलं की पांढरे दाणे आठवतात, उपासाचे. त्याने तीनदा नमुना केला: एक मरून झाला, एक बसगाडीचा लाल, एक जांभळा. शेवटी मी आईला तिन्ही पत्रे नेऊन दाखवले. तिने पाहून मान हलवली. ‘लाल माठाची भाजी शिजली की कढईत पाणी राहतं, तो रंग असेल तो.’ मी नोएडाच्या बाजारातून माठ आणला, शिजवला, पाणी बाटलीत भरून रंगवाल्याकडे नेलं. तो माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होता ती मी विसरणार नाही, पण रंग जमला. टाकीच्या हिरव्याखाली, जाळीच्या एका बोल्टच्या सावलीत, नंतर एक मूळचा ठिपका सापडला. जवळजवळ तोच.

आता ते फूटरेस्ट. सांगाडा रंगाला जाण्याआधी मिस्त्रींनी ते दोन खुंट दाखवले. ‘इनका क्या करना है?’ मी नियमातलं वाक्य सांगितलं: सांगाड्यात फेरफार नको. ते म्हणाले, दोन बोटांएवढं लोखंड आहे, कोणी पाहणार नाही, पाहिलं तरी काही म्हणणार नाही. विचार करा, तीन दिवसांनी रंगाला देतो.

मी भावाला फोन केला. तो म्हणाला, ‘ताई, अण्णा असते तर त्यांनीच कापले असते. आईच्या किती साड्या फाटल्या.’ हे खरं होतं. पण मी कापा म्हटलं त्याचं कारण ते नव्हतं, आणि नियमही नव्हता. माझ्या फोनमध्ये इंग्लंडमधल्या एका स्पीड ट्विनचा फोटो होता, हिरवळीवर उभी असलेली, एकही डाग नसलेली. तो फोटो मी दिवसातून चारदा उघडून पाहत असे. त्या फोटोतल्या सांगाड्याला खुंट नव्हते. मला तशी गाडी हवी होती. लहानपणी वह्यांना कव्हर घालताना मला जसं होई तसं झालं होतं, शेजारणीची वही पाहून. हे लिहायला बरं वाटत नाही.

कापताना मी तिथे होते. ग्राइंडरने दोन मिनिटं लागली. तुकडे सिमेंटवर पडले, गरम. पोऱ्याने पाणी ओतलं. रबर केव्हाच विरून गेलं होतं, तारेचा एक वेढा उरला होता. मी ते ओढणीत बांधून आणले. ते नोएडाच्या घरी टेबलावर आहेत, कागद उडू नयेत म्हणून.

काजळाच्या टिळ्याचं मात्र कोणी ठरवलंच नाही. पोऱ्याने दिव्याची काच रॉकेलने पुसली, छान, मनापासून, आणि उन्हात ठेवली. मी गेले तेव्हा ती चमकत होती. तो शाबासकीच्या अपेक्षेने उभा होता. मी दिली.

या काळात मी ट्रायम्फचा इतिहास वाचत होते. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी कॉव्हेंट्री जाळली तेव्हा ट्रायम्फचा कारखानाही गेला. दोन वर्षांत मेरिडन गावाजवळ नवा उभा राहिला; आमची गाडी तिथली. १९७३ मध्ये तो बंद करायचं ठरलं तेव्हा कामगार आत ठाण मांडून बसले, पुढे त्यांनी सहकारी तत्त्वावर तो चालवला, आणि १९८३ मध्ये तोही संपला. त्याच १९७३ च्या ऑक्टोबरात टेड सायमन नावाचा पत्रकार ट्रायम्फच्याच पाचशे सीसीच्या जुळ्या इंजिनाच्या गाडीवरून लंडनहून जगप्रवासाला निघाला, चार वर्षं फिरला, भारतातूनही गेला. इथे एकाने त्याला सांगितलं की तू गुरू ग्रह आहेस, आणि त्याच्या पुस्तकाच्या नावात तो ग्रह आला. मेरिडनच्या जागी आता घरं आहेत. गल्ल्यांना मोटारसायकलींची नावं दिली आहेत.

भावाला मी हे फोनवर वाचून दाखवत होते तेव्हा तो मध्येच हसायला लागला. तो चाकणच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यातून निवृत्त झाला आहे. २०२३ पासून बजाज ऑटो चाकणला ट्रायम्फच्या चारशे सीसीच्या गाड्या बनवते. बीएसएचं नाव महिंद्रांच्या कंपनीकडे आहे, नॉर्टन २०२० मध्ये टीव्हीएसने घेतली. ‘अण्णा एका बुशसाठी दिल्लीहून कोल्हापूरला जायचे,’ तो म्हणाला, ‘आणि आता बघ, ट्रायम्फ चाकण चौकातल्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या ट्रकवर उभ्या असतात.’ त्या एका सिलिंडरच्या आहेत, ही माझी बारीक कुरकुर त्याने ऐकून घेतली.

गाडी २०२४ च्या हिवाळ्यात पुरी झाली. पहिल्यांदा ती गल्लीत उभी केली तेव्हा शेजारची मुलं गोळा झाली. अमलच्या कार्ब्युरेटरवर एक बटण असतं, ते दाबून धरायचं, बोटाला पेट्रोल लागलं की पुरे. मग किक. तिसऱ्या किकला ती सुरू झाली. दोन्ही भाऊ पाळीपाळीने, एकसारखे, खालच्या आवाजात. मी पाच मिनिटं तशीच उभी राहिले आणि वर आईच्या गॅलरीकडे पाहत राहिले. पूर्वी गाडी कोपऱ्यावर वळली की आई तवा चढवत असे; अण्णा जिना चढून येईपर्यंत पहिली पोळी झालेली असे.

गॅलरीत कोणी आलं नाही. मी वर गेले. आई टीव्हीपुढे होती.

‘झाली का गाडी सुरू?’ तिने विचारलं.

‘आत्ता खाली चालू होती ना!’

‘ती होय? मला वाटलं, कोणाकडे पाहुणे आलेत.’

कागद मागच्या वर्षी मिळाला. जुनाच नंबर राहिला. आता मी दर रविवारी पहाटे नोएडाहून करोलबागेला येते आणि गाडीत इंधन भरायला जाते, कारण इंधन भरायला जाण्याची परवानगी आहे. जवळचा पंप सहा मिनिटांवर आहे. मी इंडिया गेटवरून जाते. त्या वेळी रस्त्यावर सफाई कामगार आणि सायकलवाले असतात, हिवाळ्यात तेही दिसत नाहीत, नुसते खाकरताना ऐकू येतात. अर्धा लिटर भरते म्हणून पंपावरचा मुलगा मला ओळखतो. हल्ली पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल असतं. ते पाणी ओढतं, जुनं रबर फुगवतं, आणि या गाडीच्या पेट्रोलच्या चावीत तर बुचाच्या झाडाच्या सालीचं बूच होतं. मिस्त्रींनी ते बदललं आणि बजावलं की पंधरा दिवस उभी ठेवायची असेल तर टाकी रिकामी करायची. बाकी इंजिनाची कुरकुर नाही. ते ज्या इंग्लंडमध्ये बनलं तिथे १९५३ पर्यंत सगळ्यांना सरकारी ‘पूल’ पेट्रोलच मिळे, हलक्या प्रतीचं. त्याला लाड माहीत नाहीत.

जानेवारीत मी मिस्त्रींना विचारलं, बुलेटचा तो जुना सायलेन्सर बसवता येईल का. तो आईच्या गॅलरीत होता, त्याच्यावर तुळशीची कुंडी टेकवलेली. ते म्हणाले, हे सांगाड्यातलं काम नाही, तासाभराचं आहे, वाटेल तेव्हा परत काढू. नळ्या जोडणारा सांधा अण्णांनीच करून घेतलेला होता, तोही सापडला. रविवारी ते स्वतः सायलेन्सर घेऊन गल्लीत आले, बसवला, आणि मी किक मारली.

या वेळी गॅलरीचं दार उघडलं. आईने कठड्याला धरून मान एका बाजूला केली, बराच वेळ.

‘हां, हा जवळचा आहे,’ ती वरून म्हणाली. ‘पण मध्ये मध्ये टकटक व्हायची. ती नाही.’

मी मिस्त्रींना सांगितलं. ते म्हणाले, ते टॅपेट होते, अंतर वाढलेलं होतं, मी नीट केलं. मग जरा घुटमळून म्हणाले, पाहिजे तर एकाचं थोडं सैल करून देतो, इंजिनाला इतक्यात काही होत नाही.

मी वर पाहून आईला विचारलं.

‘काही नको,’ ती म्हणाली. ‘बिघडलेलं होतं ते. त्यांना कितीदा सांगितलं होतं मी. मिस्त्रींना घेऊन वर ये, पोहे केलेत.’

बुलेटचा सायलेन्सर सध्या लावलेलाच आहे. नवे दोन गॅलरीत आहेत, प्लास्टिकमध्ये गुंडाळून. फेब्रुवारीतल्या रॅलीला जायचं तर ते परत बसवावे लागतील, आणि ती तारीख जवळ आली की मी काहीतरी कारण काढते.